आमदाराची कारकीर्द नेमकी कशावर मोजायची?

घणसोलीकरीण
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यावरून चांगलंच वाजलं, म्हणून प्रश्न इथे आणतेय. आमदार चांगला की वाईट हे आपण कशावरून ठरवतो? ग्रुपवर निम्मे लोक म्हणाले बाकडी किती टाकली, गटार कोणी झाकलं, लग्नाकार्याला मयताला कोण येतं ते बघा. माझं म्हणणं वेगळं आहे. २८८ जणांची विधानसभा आहे, तिथे कायदे होतात, बजेट मंजूर होतं, मंत्र्याला उभं करून जाब विचारता येतो. नगरसेवकाला हा अधिकार नाही. मग पाच वर्षांत आपल्या माणसाने तिथे जाऊन काय केलं हे कोणीच का विचारत नाही? माझ्या मते आमदाराची कारकीर्द सभागृहातच मोजली पाहिजे, गल्लीतली कामं पालिकेची. पटत नसेल तर जरूर सांगा, फक्त पक्षावरून भांडू नका.

कोपरखैरणे_बॉय
+१. पण ताई मतं बाकड्यालाच पडतात 🙂

गावठाणातला
ताई राग मानू नका पण हे सेक्टरमधल्या माणसाचं बोलणं झालं. आम्ही गावठाणात राहतो. जमिनी सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीने घेतल्या, कुटुंबं वाढली तशी घरं वाढवली, त्यालाच गरजेपोटीची घरं म्हणतात. आजही नोटीस आली की पहिला फोन आमदाराच्या ऑफिसला जातो कारण पालिका म्हणते सिडकोकडे जा आणि सिडको म्हणते पालिकेकडे जा. आणि नवी मुंबई पालिकेची मुदत २०२० मध्ये संपली, त्यानंतर किती वर्षं प्रशासक बसला होता ते आठवा. वॉर्डात नगरसेवकच नव्हता, मग पावसात गटार तुंबलं तर आमच्या आईने कोणाकडे जायचं? आयुक्तांच्या केबिनमध्ये? ती आमदाराकडेच जाणार ना. त्याने माणूस पाठवून गटार साफ करून घेतलं तर ते काम खालच्या दर्जाचं कसं काय झालं?

घणसोलीकरीण
@गावठाणातला दादा, प्रशासकाचा मुद्दा एकदम पटला, तो माझ्या डोक्यातच नव्हता. पण तुमचं पहिलं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे बघा. गरजेपोटीच्या घरांचा निर्णय ना पालिकेच्या हातात ना वॉर्ड ऑफिसच्या, तो शासनाचा धोरणात्मक विषय. आमदाराने नोटीस आल्यावर फोन करून तोडकाम पुढे ढकललं तर तुमचं घर या महिन्यापुरतं वाचलं. धोरण बदलायचं तर सभागृहात आणि मंत्रालयातच भांडावं लागणार.

गावठाणातला
दोन्ही करावं. या महिन्यात घर पडलं तर पुढच्या वर्षीच्या धोरणाचं आम्ही काय करू?

जुना_ठाणेकर
चांगला धागा. मी ठाण्यात नगरपालिका असल्यापासून राहतोय, महापालिका झाली १ ऑक्टोबर १९८२ ला, त्यामुळे थोडं लांबून बघतो.

आपल्याकडे आमदाराची वाट बहुतेक पालिकेतूनच जाते. एकनाथ शिंदे १९९७ ला ठाणे पालिकेत नगरसेवक झाले, २००४ ला आमदार, मतदारसंघांची फेररचना झाल्यावर २००९ पासून कोपरी-पाचपाखाडी, मग मंत्री, २०२२ ला मुख्यमंत्री. वसंत डावखरे महापौर होते, पुढे विधान परिषदेत गेले आणि १९९८ ते २०१६ उपसभापतींच्या खुर्चीवर बसले. राजन विचारे महापौर, मग आमदार, मग खासदार. आता जो माणूस वीस वर्षं नळ, गटार, रस्ता यातून वर आलाय त्याला आमदार झाल्यावर अचानक सांगायचं की बाबा हे सोड आणि कपात सूचना (बजेटमधली एखादी रक्कम कमी करा अशी सूचना) लिहीत बस, ते त्याला जमत नाही आणि लोकांनाही रुचत नाही. स्वभावाचा दोष म्हणून बघू नका, माणूस ज्या शाळेत शिकला तीच सवय घेऊन पुढे जातो.

दुसरं म्हणजे ही कारकीर्द फार नाजूक धाग्यावर असते. तुमच्या नवी मुंबईचंच घ्या. गणेश नाईक १९९० ला बेलापूरमधून निवडून आले, १९९५ ला युती सरकारात मंत्री, १९९९ ला पडले, २००४ ला पुन्हा आले आणि पुन्हा मंत्री, २०१४ ला मंदा म्हात्रेंकडून दीड हजाराच्या आत मतांनी हरले, २०१९ ला ऐरोलीतून परत, आता वनमंत्री. आणि त्याच मंदा म्हात्रे २०२४ ला बेलापूरमधून फक्त ३७७ मतांनी आल्या. ३७७ म्हणजे वाशीतल्या दोन-तीन मोठ्या सोसायट्या हो! इतक्या कमी फरकावर ज्याचं भवितव्य ठरतं तो माणूस एकाही मयताला न जाण्याची हिंमत करेल का?

नौपाडा_काकू
@जुना_ठाणेकर किती व्यवस्थित लिहिलंत. पण एक सांगू का, या सगळ्यात विधान परिषद लोक पूर्ण विसरतात. तिथेही ७८ आमदार आहेत. ३० विधानसभेचे सदस्य निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्था, ७ पदवीधर, ७ शिक्षक आणि १२ राज्यपाल नेमतात. आमचे संजय केळकर आधी कोकण पदवीधरमधूनच परिषदेत होते, नंतर २०१४ पासून ठाणे शहरचे आमदार. पदवीधरची मतदार यादी दर निवडणुकीला नव्याने बनते, मागच्या वेळचं नाव आपोआप पुढे येत नाही, फॉर्म पुन्हा भरावा लागतो. माझ्या ओळखीतल्या चांगल्या शिकलेल्या मुली, डॉक्टर सीए वगैरे, एकीनेही भरला नव्हता. मी घरोघर फॉर्म घेऊन फिरले. परिषदेच्या आमदाराला गटाराचा ताप नसतो, त्याने तरी सभागृहात घाम गाळावा ही अपेक्षा ठेवायला आपण आधी मतदार तर व्हायला हवं.

रोज_ट्रान्सहार्बर
काम म्हणाल तर दिघा गाव स्टेशन. बांधून तयार होतं, आम्ही रोज गाडीतून बघायचो, गाडी थांबायची नाही. शेवटी जानेवारी २०२४ ला सुरू झालं. सभागृहात कोण काय बोललं याने आम्हाला फरक पडत नाही, गाडी थांबली याने पडतो.

कोपरखैरणे_बॉय
रेल्वे खासदाराकडे येते रे भावा, आमदाराचा काय संबंध

जुना_ठाणेकर
@कोपरखैरणे_बॉय संबंध आहे. मुंबईतले एमयूटीपीचे (मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प) रेल्वे प्रकल्प असतात त्यात रेल्वे आणि राज्य शासन निम्मा-निम्मा खर्च करतात. राज्याचा वाटा राज्याच्या बजेटमधून जातो आणि ते बजेट मंजूर कोण करतं? हेच २८८ जण. कळवा-ऐरोली उन्नत मार्गाचं काम किती वर्षं रखडलंय तुम्ही बघताच. झोपड्यांचं पुनर्वसन राज्याने करायचं, त्यात गाडी अडली. तिथे आमदाराला विचारायलाच हवं.

फाईलवाला
मी बरीच वर्षं ठाणे जिल्ह्यातल्या एका आमदारांकडे पीए होतो. नाव आणि पक्ष विचारू नका, सांगणार नाही. दोन्ही बाजू आतून बघितल्यात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सकाळी ऑफिस उघडायच्या आधी पायऱ्यांवर माणसं बसलेली असायची. सगळ्यात जास्त पत्रं हॉस्पिटलची. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकातल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात, पण पेशंटच्या नातेवाइकाला ते माहीत नसतं आणि काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही. मग लेटरहेडवर पत्र टाइप करायचं, रेशनकार्ड आणि उत्पन्नाच्या दाखल्याची झेरॉक्स जोडायची, जावक नंबर, सही, शिक्का. आणि माणूस रिक्षात बसायच्या आत हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात फोन लावायचा, कारण नुसतं पत्र टेबलावर पडून राहतं. असा फोन करून एखाद्याच्या बायकोला बेड मिळाला आणि तो माणूस पंधरा दिवसांनी पेढे घेऊन आला की त्या दिवशी जेवण गोड लागायचं. गावठाणातला म्हणतोय ते मला शंभर टक्के कळतं. हे काम कमी प्रतीचं नाही.

आता सभागृह. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो, टाकला की छापील उत्तर येतं. प्रश्नाचे भाग पाडलेले असतात. (१) हे खरे आहे काय? उत्तर: हे खरे नाही. (२) असल्यास, चौकशी केली आहे काय? उत्तर: प्रश्न उद्भवत नाही. नवीन आमदार हे वाचून गप्प बसतो. मुरलेला आमदार एकच शब्द शोधत असतो, ‘अंशतः खरे आहे’. तो शब्द दिसला की त्याच्यावर बोट ठेवून उपप्रश्न टाकायचा, मंत्रिमहोदय, अंशतः म्हणजे किती, कोणता अंश? मग अधिकाऱ्यांच्या गॅलरीत धावपळ होते, चिठ्ठ्या खाली मंत्र्यांकडे जातात, मंत्री चिठ्ठी वाचतात, आणि विषय जड असेल तर म्हणतात की तीन महिन्यांत चौकशी पूर्ण करून कारवाई करू. झालं! हे वाक्य कामकाजात नोंदलं गेलं की ते आश्वासन झालं, त्याच्या मागे विधिमंडळाची आश्वासन समिती लागते. विभागाला ते पुरं करून दाखवावं लागतं.

माझा अनुभव सांगतो. आमच्याकडे एका वस्तीतल्या पाण्याच्या लाइनचं काम अडलेलं. पत्रं दिली, फोन केले, अधिकाऱ्यांसोबत बैठका झाल्या, फाइल जागची हलेना. मग लक्षवेधी दिली, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं सभागृहात लक्ष वेधायची सूचना. रात्री उशिरापर्यंत आमदार निवासात बसून ड्राफ्ट केला, कारण विषय तातडीचा आणि सार्वजनिक महत्त्वाचा दिसला नाही तर सूचना मान्यच होत नाही. ती लागली, म्हणजे कामकाजाच्या यादीत आली, आणि चर्चेला यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी विभागातून मलाच फोन की साहेबांना सांगा निविदा काढतोय. चर्चा व्हायच्या आधीच काम हललं. वस्तीत पाइप पडला तेव्हा नारळ फोडला, फोटो निघाले, पण लक्षवेधी नावाची भानगड कोणालाच माहीत नव्हती. आमदारांनी भाषणात सांगितलंसुद्धा, लोकांनी टाळ्या पाइपाला वाजवल्या.

म्हणून घणसोलीकरीण ताई, तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे, पण गल्ली आणि सभागृह असे दोन ढीग करू नका. चांगला आमदार गल्लीतली तक्रार सभागृहात नेतो आणि तिथून उत्तर घेऊन गल्लीत परत येतो. हे जाणं-येणं किती वेळा होतं यावर मी कोणाचीही कारकीर्द मोजीन.

घणसोलीकरीण
@फाईलवाला दादा, तुमची पोस्ट सोसायटीच्या ग्रुपवर टाकू का? परवानगी असेल तरच.

फाईलवाला
टाका की.

शिक्षिका_कळवा
फाईलवाला दादांचं सगळं पटलं. पण मला एक गोष्ट सलते ती बोलणारच. एक टर्म आमदार राहिलेल्या माणसाला दरमहा ५० हजार पेन्शन, पाच वर्षांनंतरच्या प्रत्येक वर्षामागे आणखी २ हजार. आणि मी १ नोव्हेंबर २००५ नंतर लागले म्हणून मला जुनी पेन्शन नाही. २०२३ ला आम्ही संपावर गेलो, तेव्हा कुठे सुधारित योजनेचं बोलणं पुढे सरकलं. मी आयुष्यभर मुलं शिकवणार, आणि म्हातारपणी माझ्या पेन्शनसाठी समिती बसवणार. आमदारांचे पगार वाढवायचं विधेयक असलं की सगळे पक्ष एका सुरात मंजूर करतात, २०१६ ला बघितलं आपण सगळ्यांनी. मला कोणाचा द्वेष नाही पण हे अन्याय्य आहे आणि मी ते प्रत्येक उमेदवाराला तोंडावर विचारते.

कोपरखैरणे_बॉय
मॅडम १००% सहमत

जुना_ठाणेकर
@शिक्षिका_कळवा तुमचं दुखणं रास्त आहे. तुमची पेन्शन गेली ते चूकच झालं. पण आमदारांची पेन्शन सरसकट काढा याला माझा विरोध आहे. गणपतराव देशमुखांसारखी माणसं आठवा. सांगोल्यातून ११ वेळा आमदार, १९६२ ला पहिल्यांदा, १९७२ आणि १९९५ ला हरले, तरी शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) सोडला नाही, एसटीने अधिवेशनाला यायचे. अशा माणसाला उतारवयात कोणाच्या दारात जावं लागू नये म्हणून ती तरतूद हवी. पेन्शनच नसेल तर राजकारणात फक्त बिल्डर आणि ठेकेदार उरतील. हवं तर ज्याची मालमत्ता अमुक इतक्या कोटींच्या वर आहे त्याला देऊ नका.

शिक्षिका_कळवा
मालमत्तेची अट मान्य. शपथपत्रात आकडे असतातच, लावायला काही कठीण नाही.

नौपाडा_काकू
फ्लेक्सबद्दल कोणीच बोललं नाही अजून! वाढदिवस, दहीहंडी, चषक, अभिनंदन... राम मारुती रोडवर झाडं दिसत नाहीत सणासुदीला.

रोज_ट्रान्सहार्बर
काकू दहीहंडीला काही बोलू नका, ठाण्याची शान आहे ती 🙏 आमच्या पथकातल्या पोरांचा विमा त्याच निमित्ताने निघतो.

अ‍ॅडमिन
मंडळी, दहीहंडी आणि फ्लेक्ससाठी वेगळा धागा आहे. इथे मूळ विषयावर या.

कळव्याचा_केतन
मूळ विषयावरच बोलतो. धोकादायक इमारत. मी स्वतः अशा बिल्डिंगमध्ये राहतो, दर पावसाळ्याच्या तोंडावर पालिकेची नोटीस दारावर चिकटते. शीळला ४ एप्रिल २०१३ ला इमारत कोसळली, ७४ माणसं गेली, त्या रात्री आमच्या इमारतीत कोणी झोपलं नाही. अशा इमारतीचं आमदार निधीतून काय होणार? निधी वर्षाला ५ कोटी, २०२२ च्या बजेटमध्ये ४ चे ५ झाले. मतदारसंघात चार-पाच लाख मतदार. डोकी शंभर-सव्वाशे रुपये. त्यात शेड, पेव्हर ब्लॉक, व्यायामशाळा. आमची इमारत उभी राहायची तर क्लस्टरसारखं (अनेक जुन्या इमारतींचा एकत्र पुनर्विकास) धोरण लागतं, एफएसआय म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी लागते, संक्रमण शिबिर लागतं, भाडेकरूंचे हक्क कायद्यात पक्के करावे लागतात. ठाण्याचे आमदार वर्षानुवर्षं क्लस्टर क्लस्टर करत होते, मोर्चे झाले, सभागृहात आवाज उठला, तेव्हा कुठे २०२३ ला किसननगरला भूमिपूजन झालं. किती उशीर. पण झालं ते विधिमंडळ आणि मंत्रालय यातूनच. माझ्यासाठी आमदार म्हणजे छताचा प्रश्न आहे. बाकडं मला नको, बसायला माझं घर हवं.

गावठाणातला
@कळव्याचा_केतन भाऊ, डोळ्यात पाणी आलं. तुझं न् आमचं दुखणं एकच आहे, तू भाड्याच्या भिंतीत अडकलायस आम्ही आमच्याच जमिनीवर.

आणि विषय निघालाच आहे तर दि. बा. पाटील साहेबांचं नाव घेतल्याशिवाय हा धागा पुरा होऊ शकत नाही. पनवेलचे आमदार, नंतर खासदार. सभागृहात बोलायचे तेव्हा समोरचा ऐकायचा. पण जेव्हा सिडको ऐकेना तेव्हा रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४, जासईचा लढा, पाच जण हुतात्मा झाले. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली आणि पुढे ती नुसत्या आमच्यापुरती राहिली नाही. माझे आजोबा त्या मोर्चात होते. आमदारकी गेली, खासदारकी गेली, पण आजही इथल्या प्रत्येक गावात त्यांचा फोटो देवघराच्या शेजारी लावलेला दिसेल. त्यांची कारकीर्द कोणी प्रश्नांच्या आकड्यावर मोजत नाही.

घणसोलीकरीण
@गावठाणातला हे मला कोणीतरी सांगायलाच हवं होतं. मी इथे लग्न होऊन आले, साडेबारा टक्क्यांचे प्लॉट हा शब्द एजंटच्या तोंडून ऐकलेला, त्यामागे पाच माणसांचे जीव आहेत हे आमच्या सेक्टरमध्ये किती जणांना माहीत असेल?

नौपाडा_काकू
आणि एकट्या माणसाच्या चिकाटीतून कायदा कसा होतो याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती होते. तासगाव तालुक्यात विसापूरला आधी प्रयोग केला, मागेल त्याला काम. त्यातून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ ला महाराष्ट्राने कायदा केला. केंद्राचा कायदा आला २००५ ला. म्हणजे आपल्या विधिमंडळातली कल्पना देशाला पोचायला तीन दशकं लागली, पण पोचली. आत्ताचे आमदार असं काही एक काम हातात धरून दहा वर्षं त्याचा पाठपुरावा करतात का, हे मला बघायचं असतं.

कोपरखैरणे_बॉय
सिरियस प्रश्न. हे सगळं सामान्य माणसाने बघायचं कुठे? माझ्या आमदाराने किती प्रश्न विचारले, काय विचारले, कसं कळणार? पेपरात फक्त गोंधळ आणि सभात्याग येतो.

फाईलवाला
@कोपरखैरणे_बॉय विधिमंडळाच्या वेबसाइटवर कामकाज असतं. तारांकित प्रश्नांच्या याद्या, चर्चेचा वृत्तांत, विधेयकं, समित्यांचे अहवाल, सगळं मराठीत. शोधायला वेळ जातो, पीडीएफ जड असतात, पण आहे. अधिवेशनं तीन, बजेट आणि पावसाळी मुंबईला, हिवाळी नागपूरला. प्रत्येकाच्या वेळचं वेगळं बघावं लागतं.

आकड्यावर मात्र जाऊ नको. एकाच प्रश्नावर दहा आमदारांची नावं असतात, काहींच्या सह्या पीएच गोळा करतात, मी स्वतः केल्यात. उपप्रश्न कोणी विचारला ते वृत्तांतात बघ. नियम २९३ खाली एखाद्या सार्वजनिक विषयावर होणाऱ्या चर्चेत कोण कागद घेऊन बोललं आणि कोण नुसतं नेत्याचं कौतुक करून बसलं तेही तिथेच दिसतं. आणि मंत्र्याने दिलेलं आश्वासन तारखेसकट उतरवून घे. ते घेऊन आमदाराच्या ऑफिसात गेलास ना, तर खात्रीने सांगतो, चहा मिळेल आणि खुर्चीपण मिळेल, कारण असा माणूस क्वचित येतो. आम्हाला असा कोणी भेटला की आमदार स्वतः बाहेर यायचे. पाठपुराव्याला त्यांनाही लोकांचा रेटा लागतो, विभागाला सांगता येतं की लोक विचारतायत.

रोज_ट्रान्सहार्बर
मग टोलचं काय? १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री ऐरोली, वाशी, मुलुंड सगळीकडे हलक्या गाड्यांचा टोल बंद झाला. आंदोलनं तर कधीपासून चालू होती. ते सभागृहाचं यश की तोंडावर आलेल्या निवडणुकीचं?

जुना_ठाणेकर
दोन्हीचं. मागणी लोकांनी आणि आमदारांनी लावून धरली, मुहूर्त निवडणुकीने दिला. मला त्यात वावगं वाटत नाही, निवडणूक असतेच त्यासाठी.

शिक्षिका_कळवा
फाईलवाला दादा, आश्वासन समितीबद्दल मला अजून विचारायचंय. शिक्षकांच्या बाबतीत सभागृहात दिलेली आश्वासनं शोधायची तर विभागानुसार शोधता येतात का?

फाईलवाला
समितीचे अहवाल विभागवार असतात ताई, शालेय शिक्षण विभागाचे बघा. तुम्हाला नेमकं कोणत्या अधिवेशनातलं हवंय ते व्यनि करा, मी शोधायला मदत करतो.

कळव्याचा_केतन
दादा मलापण मदत लागेल. धोकादायक इमारतीतल्या भाडेकरूंबद्दल ठाण्याच्या आमदारांनी जे जे विचारलंय त्याची उत्तरं एकत्र करायची आहेत. आमच्या बिल्डिंगमधली दोन कॉलेजची मुलं टाइप करायला तयार आहेत.

घणसोलीकरीण
@कळव्याचा_केतन यादी झाली की इथे टाक. @गावठाणातला दादा, गरजेपोटीच्या घरांचं मी आणि माझी जाऊ मिळून शोधतो, पण जुने जीआर (शासन निर्णय) कोणते बघायचे ते तुम्ही सांगा, आम्हाला त्यातलं कळत नाही.

गावठाणातला
सांगतो. काकांकडे सगळ्या जीआरची फाइल आहे. रविवारी त्यांच्याकडे जाऊन फोटो काढून टाकतो. तलावाजवळच्या गटाराचं पत्रपण त्याच दिवशी आमदारांच्या ऑफिसात द्यायचंय, तेही राहिलंय.